शब्बीरभाईंच्या घरून

इक्राने 'घरून' या शब्दावर आडवी रेघ मारली, मग दुसरी मारली, आणि तरीही तो खालून डोकावतोय असं वाटल्यावर पेन इतकं घासलं की कागदच फाटला.

"फाडलास?" ओट्यापाशी उभ्या असलेल्या अम्मीने विचारलं. पाठ वळलेली असली तरी तिला सगळं ऐकू यायचं.

"कागद फाटला. शब्द कुठे फाटतोय? भारी चिवट आहे तो."

"मग नवीन कागद घे. शब्दाशी कसली भांडतेस?"

अम्मी वाफेवरच्या वाट्यांतून सांदणं काढत होती. नारळाच्या दुधाचा गोड वास बहरीनमधल्या जिदहफ्सच्या त्या दोन खोल्यांत भरून राहिला होता. उद्या शुक्रवार, उद्या जमातीची सभा, आणि सभेला सांदणं नेहमीप्रमाणे इथूनच जाणार होती. म्हणजे, जुन्या अहवालांच्या भाषेत सांगायचं तर, शब्बीरभाईंच्या घरून.

खारवणे मुस्लिम जमात, बहरीन. रत्नागिरीकडच्या खारवण्याची जेवढी माणसं या बेटावर नोकरीला होती, तेवढ्यांची ही जमात. वर्षातून एकदा, जरा थंडी पडली की, ईसा टाउनमधला एक हॉल घ्यायचा, जुम्म्याची नमाज झाली की जमायचं, जमातीने वर्षभरात गावासाठी आणि इथल्या माणसांसाठी काय केलं ते वाचून दाखवायचं, आणि जेवून घरी जायचं. अहवाल मराठीतच लागे, कारण त्याची झेरॉक्स गावाला जायची आणि मशिदीबाहेर मोठ्याने वाचली जायची. आजवर तो सेक्रेटरी अर्शदचाचा लिहीत. ऑफिसात त्यांचं इंग्रजी फटाफट चाले, पण मराठी लिहायला बसले की हात आखडायचा. गेल्या वर्षी गावच्या कब्रस्तानाला नवी भिंत घातली, तर त्यांनी लिहिलं, 'यंदा कब्रस्तानाची चांगली भरभराट झाली.' गावात लोक एकमेकांना रस्त्यात अडवून हसत होते.

तेव्हा यंदा चौकशी झाली की धड मराठी लिहिणारं कोण आहे. जमातीच्या सगळ्या पोरांना मराठी समजत होतं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की इंग्रजी बाहेर यायचं. एकटी इक्रा चौथीपर्यंत गावच्या शाळेत शिकून मग इथे आलेली. शिवाय याच वर्षी तिने शाळेत असेंब्लीला माइकवर बातम्या वाचल्या होत्या, आणि आपला आवाज मैदानापलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो हे तिला कळलं होतं. ते कळल्यापासून तिला थांबवणं घरात कुणालाच जमत नव्हतं.

"लिहिशील, बेटा?" असं अर्शदचाचांनी विचारलं तेव्हा ती 'हो' इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

नमुना म्हणून त्यांनी जुने अहवाल आणून दिले. ते वाचता वाचता तिचा उत्साह तसाच राहिला, पण त्याचा रंग बदलला. 'मय्यतीच्या घरी तिन्ही दिवस जेवण शब्बीरभाईंच्या घरून आले.' 'इस्पितळातील बाळंतिणींना खिचडी शब्बीरभाईंच्या घरून गेली.' 'लेबर कॅम्पातील आजारी इसमास पेज शब्बीरभाईंच्या घरून.' शब्बीरभाई म्हणजे इक्राचे अब्बा. अब्बांना स्वयंपाकघरात चमचे कुठे असतात ते माहीत नव्हतं. एकदा अम्मी तापाने पडली तेव्हा त्यांनी अंडं उकडायला ठेवलं आणि पाणी घालायचं विसरले. आणि आता कमिटीने ठरवलं होतं की यंदा शब्बीरभाईंना शाल द्यायची, सेवेबद्दल.

"अम्मी, मी तुझं नाव लिहिणार."

"माझं? ते कशाला?"

"काम तू केलंस म्हणून."

"काम काय, सगळ्याच करतात. नाव लिहिलं म्हणून सांदणं जास्त फुगणार हायत?"

"फुगतील. बघच तू."

"वेडी हायस." अम्मीने वाटी उपडी करून तिच्यावर थाप मारली. "मना कोण त्या नावाने ओळखतो? शब्बीरभाभी म्हण, नायतर इक्राची अम्मी म्हण. माहेरी होते तवर बाबी. ते नाव पासपोर्टात हाय, पुरे झालं."

इक्राने नवा कागद घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, "अ-ख्त-रु-नि-सा."

दुपट्ट्याला हात पुसत अम्मी टेबलापाशी आली आणि वाकून बघू लागली. मराठी ती सावकाश वाचायची, ओठ हलवत.

"न दोनदा येतो," ती म्हणाली.

"काय?"

"अख्तरुन्निसा. अर्धा न, आणि मग नि. मास्तर हजेरी घेताना असंच म्हणायचे. जोर देऊन." तिने बोट अक्षरांपर्यंत नेलं, पण टेकवलं नाही. बोट अजून ओलसर होतं. शाई पसरेल म्हणून ते वरच्यावर धरून ती बघत राहिली. इक्राने नाव पुन्हा लिहिलं. अर्धा न, मग नि.

"आता बरोबर?"

"हां. पुढे काय लिहिणार?"

बास, इक्राला तेवढंच हवं होतं. "पुढे लिहिणार की वरच्या मोहल्ल्यातील. अब्बांचं नाव नको, त्यांच्या मोहल्ल्याचंही नको. नुसती तू आणि तुझा माहेरचा मोहल्ला."

"वरचा मोहल्ला," अम्मी पुटपुटली आणि उगाचच हसली.

त्यापुढच्या वाक्यासाठी इक्राने खूप डोकं खाजवलं. शेवटी एका जुन्या अहवालाच्या तळाशी तिला ते आयतं सापडलं: 'परोपकारी स्वभावाच्या, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या; त्यांचे उपकार जमात कधीही विसरणार नाही.' कुणाबद्दल लिहिलं होतं ते पाहायला ती थांबली नाही. वाक्य भारदस्त होतं, तिने उचललं. आणि ते कुठे घालायचं याचाही विचार केला. मधे घातलं तर टाकी, पाइपलाइन आणि शाळेच्या बाकांत बुडून जाईल. तेव्हा सगळ्या कामांच्या शेवटी. म्हणजे लोकांच्या कानात राहील. त्यानंतर फक्त शोकाचा परिच्छेद, तो नेहमी अखेरीस असायचा.

शोकाच्या परिच्छेदासाठी अर्शदचाचांनी यंदा एकच नाव दिलं होतं.

"अम्मी, ही झोहरा कोण? खालचा मोहल्ला?"

"दाऊदची अम्मी."

इक्राने पेन खाली ठेवलं. दाऊदच्या अम्मीकडे तिने इथे आल्यापासून कितीतरी ईदा काढल्या होत्या. त्या खिशात बदाम कोंबायच्या. "त्यांचं नाव झोहरा होतं?"

"होतं ना." अम्मी पुन्हा ओट्याकडे वळली होती. "शेवटची आंघोळ मीच घातली तिला. हाताला कोण नव्हतं. केस किती लांब होते, सुटायलाच तयार नाय."

"हे लिहू?"

"ते लिहीत नसतात गो."

अब्बा अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यातून शिफ्ट संपवून आले तेव्हा कागद तयार होता. त्यांनी बूट काढले, चष्मा लावला, आणि उभ्यानेच वाचायला घेतला. गावच्या टाकीपाशी मान हलवली. पाइपलाइनपाशी "छान" म्हणाले. शेवटाला आले आणि थांबले.

"हे कसं वाचणार तू?"

"तोंडाने."

"मस्करी नको. इतक्या मंडळींत बाईचं नाव... कामाच्या यादीत आजवर कोणी घेतलं नाय. 'घरून' म्हणजे तीच की. सगळ्यांना कळतं."

"कळतं तर शाल तुम्हाला का देताहेत?"

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण अब्बा चिडणारे नव्हते. मोठ्या आवाजात कुणी काही मागितलं की ते आधी घाबरायचे आणि मग द्यायचे.

"मी कमिटीला सांगितलं होतं, शाल नको म्हणून."

"पण का नको ते सांगितलंत?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. अम्मी सांदणांवर पांढरं फडकं झाकत होती, चारी कोपरे ओढून, पुन्हा ओढून. नको म्हणून ती एकदाही बोलली नव्हती. अब्बांना ते दिसलं असावं.

"वाच," ते म्हणाले. "बघू काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या लागल्या होत्या. पुढचा भाग पुरुषांचा. मागे हिरवा पडदा, पडद्यामागे बायका आणि पातेली. बायकांसाठी तिकडे एक स्पीकर ठेवला होता. गावाला पाठवायची कॅसेट भरणारा व्हिडिओवाला स्टेजच्या बाजूला उभा होता. इक्राने पडद्याच्या फटीतून पाहिलं. अम्मी ठेवणीतला फिकट निळा दुपट्टा घेऊन पहिल्याच रांगेत बसली होती, स्पीकरच्या अगदी समोर. एरवी सभेत ती कधी बसायचीच नाही; पातेल्यांपाशी असायची. आज पातेली ताहेराखालाच्या स्वाधीन होती, आणि ताहेराखाला मोठ्याने कुरकुरत होती.

"आज शब्बीरभाभी पाहुणी झालीय गो! सांदणांना कोण हात लावणार, मी?"

"लाव की," अम्मी म्हणाली. "चावत नायत."

जमातीचे अध्यक्ष महमूदचाचा स्टेजवर होते. दाढी पांढरी, मन मऊ. गावात कुणाचं लग्न अडलं की पहिला फोन त्यांना यायचा. त्यांनी इक्राच्या डोक्यावर हात ठेवला.

"तयार? सगळं जुन्याबरहुकूम आहे ना?"

"इंशाल्ला, चाचा," इक्रा म्हणाली. खोटं बोलावं लागू नये म्हणून हा शब्द फार सोयीचा होता.

"यल्ला, मग कर सुरू."

तिने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला हॉल गप्प झाला. आवाज भिंतीवर आपटून परत आला. आपलंच मराठी इतकं छान ऐकू येतंय म्हणून म्हातारी माणसं पुढे सरकून बसली. गावच्या टाकीला पाणी चढलं, टाळ्या. डोंगराकडच्या वाडीपर्यंत पाइप गेला, टाळ्या. शाळेला बाक दिले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "कब्रस्तानाची भरभराट कुठवर आली, विचारा!" आणि अर्शदचाचांसकट सगळे हसले. इक्राही हसली. हसू ओसरेपर्यंत थांबायचं असतं, हेही तिला असेंब्लीत कळलं होतं. मग बहरीनमधली कामं. कॅम्पमधल्या आजाऱ्याला विमानात बसवून घरी धाडलं. नवीन आलेल्या तिघांना नोकऱ्या लावून दिल्या. पावसाने ज्याचं घर गळलं त्याचं सामान हलवलं. ती ओळीमागून ओळ वाचत गेली आणि तो परिच्छेद आला.

तिने श्वास घेतला.

"वरच्या मोहल्ल्यातील अख्तरुन्निसा." दोन्ही न स्वच्छ, मास्तर म्हणत तसे, जोर देऊन. "परोपकारी स्वभावाच्या, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या. त्यांचे उपकार जमात कधीही विसरणार नाही."

इथे टाळ्या येणार होत्या. टाळ्यांसाठी तिने जागा सोडली.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा हळहळून चुकचुकला. "इन्ना लिल्लाहि..." तो पुटपुटला, टोपी सावरली आणि दोन्ही हात छातीसमोर पसरले. शेजारच्याने पसरले. मग ती रांग, मग तिच्यामागची. खुर्च्यांची करकर थांबली. महमूदचाचांनी डोळे मिटून दुआ सुरू केली, त्या बाईला जन्नत मिळो म्हणून. पडद्यामागून बांगड्या वाजल्या. बायकांनीही हात उचलले होते.

इक्राला क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं. या सभेत बाईचं नाव मोहल्ल्यासकट घेतात ते एकाच कारणासाठी.

तिने अब्बांना शोधलं. ते मधल्या रांगेत होते. साऱ्या हॉलमध्ये फक्त त्यांचे हात मांडीवर होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग स्टेजकडे, इक्राकडे. उठा, ती मनात म्हणाली. उठा आणि सांगा, ती तिथे बसलीय, निळ्या दुपट्ट्यात. अब्बा खुर्चीत थोडेसे पुढे सरकले. शेजारच्या माणसाने डोळे न उघडताच त्यांना कोपराने हलकं ढोसलं, झोप लागलेल्या माणसाला ढोसावं तसं. अब्बांचे हात वर आले.

"आमीन," हॉल म्हणाला. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. अब्बांचे तळवे तोंडावर जरा जास्त वेळ राहिले.

"चाचा, त्या नाही..." इक्रा माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाली, पण तो भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"वाच बेटा, वाच पुढे," महमूदचाचा मायेने म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "रडायचं नाही. असरच्या नमाजाची वेळ होत आली."

तिने झोहराचं नाव वाचलं. हात पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. अहवाल संपला. लोक उठू लागले तेवढ्यात महमूदचाचांनी माइक हातात घेतला.

"थांबा, थांबा. एक राहिलंच. पोरीने सगळं लिहिलं, पण स्वतःच्या घरचं लिहिलं नाही. लाजली. गुणाची पोर आहे." लोक कौतुकाने हसले. "यंदाही मय्यतीच्या घरचं जेवण, बाळंतिणींची खिचडी, आजची सांदणं, सगळं कुठून आलं, तुम्ही जाणताच. शब्बीरभाईंच्या घरून!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. तिने जागा सोडली होती त्याहून कितीतरी मोठ्या टाळ्या. अब्बा स्टेजवर आले. शाल त्यांच्या खांद्यावर पडली तेव्हा ते व्हिडिओवाल्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते. "वर बघा, शब्बीरभाई, गावात दिसायला पाहिजे!" कुणीतरी ओरडलं. त्यांनी वर बघितलं. कागदावर पुन्हा 'घरून' लिहायची जबाबदारी अर्शदचाचांनी आपणहून घेतली. ओळीच्या वर, फटीत, बारीक अक्षरात.

इक्रा धावतच पडद्यामागे गेली. बायकांचा एकच कलकलाट चालला होता. अम्मी आता स्पीकरसमोर नव्हती. निळा दुपट्टा कमरेला खोचून ती पातेल्यापाशी उकिडवी बसली होती आणि ताटांत सांदणं वाढत होती, प्रत्येकीला दोन, लहान पोरं असतील तिला तीन. इक्राला बघून तिचा हात थांबला नाही.

"अम्मी, आय अॅम सॉरी. मी आत्ता जाऊन सांगते, माइक अजून चालू आहे. मी..."

"पाण्याचा जग घे," अम्मी म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्यांना पाणी नाय मिळालं."

"पण..."

"घे गो."

ताहेराखाला ताट पुढे करून उभी होती. ती दुसऱ्या गावची, लग्न होऊन खारवण्यात आलेली. वरच्या मोहल्ल्यातलं तिला कुणी फारसं माहीत नव्हतं. तिने दुपट्ट्याच्या टोकाने डोळे पुसले.

"शब्बीरभाभी, तू वरच्या मोहल्ल्याची ना? ही कोण गो वारली, अख्तरुन्निसा?"

अम्मीने एक सांदण उचललं, त्याची कड तुटली होती, ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

"होती एक," ती म्हणाली. "आमच्या शाळेत."

"बिचारी. पोरंबाळं?"

"एक पोरगी हाय." अम्मीने ताहेराखालाच्या ताटात सांदण ठेवलं आणि पुढच्या बाईकडे हात केला. "शिकतेय अजून."

इक्राने जग उचलला आणि कोपऱ्यातल्या बायकांकडे पाणी घेऊन गेली.